प्रतिसाद : मलम लावताना होणारी रोजची ओढाताण

एक्झिमा (त्वचा कोरडी पडून खाज सुटण्याचा व चट्टे उठण्याचा विकार) असलेले मूल मलम लावू देत नाही, त्याला धाक दाखवावाच लागतो, असे मत एका चर्चेत मांडले गेले; त्याला हा प्रतिसाद. पण नकारामागे बहुधा हट्ट नसून आग होण्याची भीती असते, हे आधी तपासावे. भेगाळलेल्या त्वचेवर क्रीम झोंबते, तर त्याच औषधाचा तेलकट, घट्ट प्रकार पुष्कळदा कमी झोंबतो. तो बदलून मिळेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे.

दुसरी अडचण पालकांची असते. मलमातील स्टेरॉइडच्या (दाह कमी करणाऱ्या औषधाच्या) धास्तीने जेमतेम ठिपका लावला जातो, चट्टा बरा होत नाही आणि मग औषधालाच दोष दिला जातो. प्रौढाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून पिळलेली रेघ सुमारे 0.5 ग्रॅम भरते आणि प्रौढाच्या दोन तळव्यांएवढ्या, बोटांसह, जागेला ती पुरते. हे माप डॉक्टरांकडून एकदा प्रत्यक्ष पाहून घेतले, की हात आखडत नाही.

मुलाला काही निवड द्यावी : आधी हात की पाय, स्वतः लावायचे की आईबाबांनी. मात्र ‘लावायचे का?’ हा प्रश्न विचारू नये. आंघोळीनंतर त्वचा टिपून, ती ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावण्याची वेळ ठरलेली असली, की वाद बराच कमी होतो. किशोरवयीन मुलांकडे जबाबदारी हळूहळू सोपवावी, पण ट्यूब संपत आली आहे का, याकडे लक्ष मोठ्यांनीच ठेवावे.