प्रमुख बंदरांची मालवाहतूक वाढली, म्हणजे नेमके काय वाढले?

शिरोलीकर (प्रश्न):
कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतील एका फौंड्रीत मी निर्यातीची कागदपत्रे पाहतो. देशातील प्रमुख बंदरांनी २०२२-२३ मध्ये सुमारे ७८ कोटी टन, २०२३-२४ मध्ये सुमारे ८२ कोटी टन आणि २०२४-२५ मध्ये साडेपंच्याऐंशी कोटी टनांच्या आसपास माल हाताळला. आमचे कास्टिंग (धातूचे ओतीव भाग) न्हावाशेव्याहून जाते. या वाढीवरून तेथील गर्दीचा अंदाज बांधता येईल का?

डबेवाला_एजंट:
नाही. टनांच्या आकड्यात कोळसा, कच्चे तेल आणि खनिज यांचेच वजन मोठे असते. २०२३-२४ मध्ये ओडिशातील पारादीपने गुजरातमधील कांडल्याला मागे टाकले, त्यात तालचेरच्या खाणींतून रेल्वेने येऊन जहाजाने तमिळनाडूतील वीजकेंद्रांकडे जाणाऱ्या कोळशाचा वाटा मोठा आहे. गंमत अशी की हा कोळसा पारादीपला चढताना एकदा आणि चेन्नईजवळच्या एन्नोरला उतरताना पुन्हा एकदा मोजला जातो. तुम्ही न्हावाशेव्याचे टीईयू, म्हणजे वीस फुटी कंटेनरच्या मापात मोजलेले डबे, पाहावेत. ते २०२३-२४ मधील सुमारे ६४ लाखांवरून पुढच्या वर्षी सुमारे ७३ लाखांवर गेले. अर्थात त्यात रिकामे डबेही धरलेले असतात.

वाणिज्य_शिक्षक:
‘प्रमुख’ हा शब्द कायद्यातला आहे, आकारावरून पडलेला नाही. केंद्राच्या अखत्यारीतील बंदरे तेवढी प्रमुख. त्यामुळे २०२४-२५ मध्ये २० कोटी टन हाताळणारे मुंद्रा या यादीत येत नाही, आणि आपल्याला सर्वांत जवळच्या बंदरांपैकी एक असलेले जयगडही नाही. एखादा माल प्रमुख बंदराकडून खासगी बंदराकडे वळला, तर व्यापार तेवढाच राहूनही प्रमुख बंदरांच्या आकड्यात घट दिसते.

शिरोलीकर:
दोघांचेही आभार. रिकाम्या डब्यांवरून आठवले : आमचा वीस फुटी कंटेनर वजनमर्यादेला पोहोचतो तेव्हा दारातून पाहणाऱ्याला तो निम्माही भरलेला वाटत नाही, आणि तरीही तो एकच टीईयू. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हा युरोपकडे जाणाऱ्या आमच्या मालाला दोनेक आठवडे जास्त लागत होते, पण टनांच्या वार्षिक आकड्यात त्याचा मागमूसही नाही. यापुढे मी न्हावाशेव्याचे दरमहाचे टीईयूच पाहीन.

डबेवाला_एजंट:
त्यातही आयात आणि निर्यात वेगळी काढून पाहा.