चेल्टनहॅमला आयरिश घोडेच का जिंकतात बे?

धरमपेठवाला: भाऊ, चेल्टनहॅमचा उड्यांच्या घोडेशर्यतींचा मेळा इंग्लंडात, पैसाबी इंग्रजांचा, मग 2021 ला 28 पैकी 23 रेस आयर्लंडवाल्यांनी कशा नेल्या?

शंकरपट_फॅन: अरे आयर्लंडात गावोगावी पॉइंट टू पॉइंट, म्हणजे हौशी जॉकींच्या उड्यांच्या रेस होतात, आपल्या शंकरपटासारखंच वेड, घोडा तिथंच उड्या शिकतो अन् आधी चांगले घोडे इंग्लंडात विकले जायचे, आता मोठे मालक आयरिश ट्रेनर विली मलिन्सकडंच ठेवतात, 2024 ला तर ब्रिटनचा चॅम्पियन ट्रेनरबी तोच!

धरमपेठवाला: म्हणजे एकट्या मलिन्सचीच कमाल?

तर्री_पोहे: नाही ना बाप्पा. 2021 ला चेल्टनहॅमच्या मोठ्या रेस, चॅम्पियन हर्डल, चॅम्पियन चेस, गोल्ड कप, तिन्ही दुसऱ्या आयरिश ट्रेनरच्या, हेन्री डी ब्रॉमहेडच्या घोड्यांनी मारल्या, वर ग्रँड नॅशनल ही इंग्लंडातली दुसरी मोठी रेसबी त्याच्याच घोड्यानं, वर बसली होती रेचल ब्लॅकमोर, ती रेस जिंकणारी पहिली बाई जॉकी!