प्रतिसाद: सुवार्ता फक्त पाळकांनीच सांगायची का?

दादा, तुम्ही वर लिहिलं की सुवार्ता, म्हणजे येशूची शुभवार्ता, सांगणं हे पाळकसाहेबांचं (चर्चच्या पास्टरचं) काम, आपण उपासनेला जायचं, दान द्यायचं, झालं. मला नाही पटलं हे. बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या 4थ्या अध्यायात सुवार्तिक, पाळक, शिक्षक अशी नावं आहेत खरी, पण ते दिलेत कशासाठी तर विश्वासणाऱ्यांना सेवेसाठी तयार करायला, म्हणजे काम आपल्याकडेच येतं ना.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एक मावशी आहेत, रिटायर्ड नर्स, माईकवर दोन वाक्यं बोलायची म्हटली तरी हात थरथरतात, पण दर बुधवारी मोठा थर्मास घेऊन मेडिकल हॉस्पिटलला जातात, वॉर्डाबाहेर सतरंजी टाकून बसलेल्या खेड्यावरच्या नातेवाइकांना चहा देतात, एक्सरे कुठे काढायचा ते सोबत जाऊन दाखवतात. कोणी स्वतःहून म्हटलं तरच प्रार्थना, नाहीतर कप गोळा करून घरी. मी तर यालाही सुवार्ताच म्हणतो.

येशूचा शिष्य अंद्रिया, त्याचं बघा, त्याचं एक भाषण नाही कुठे, फक्त भावाला, शिमोनाला, येशूकडे घेऊन आला. आणि बायबलमधल्याच अपुल्लोससारख्या बोलक्या उपदेशकाला अक्विल्ला-प्रिस्किल्ला या तंबू बनवणाऱ्या नवरा-बायकोने घरी नेऊन नीट समजावलं. आपल्या नागपुरात 1845 ला आलेले मिशनरी हिस्लॉपसाहेबही नुसते उपदेशक नव्हते, शाळेत शिकवायचे.

चर्चच्या युथवाल्यांनो, तुम्ही व्हिडिओ छान बनवून राहिले, बनवा, पण मावशींना आता तो थर्मास जिन्यावरून एकट्याने चढवणं होत नाही. येत्या बुधवारी दोघं तरी या.