लाल मातीवरचे निकाल आणि आपला जून : तुमचे अनुभव लिहा

फोंडेकर :
काल फ्रेंच ओपन टेनिसची 2025 ची पुरुषांची फायनल. चौथ्या सेटमध्ये सिनर 5-3 ने पुढे, अल्काराझच्या सर्व्हिसवर 0-40, म्हणजे तीन चॅम्पियनशिप पॉइंट; तिघांतला एक जिंकला की सिनर चॅम्पियन. आणि आमची लाईट गेली! पाऊस धो धो, मोबाइलला रेंज नाही. मध्यरात्र उलटल्यावर लाईट आली तर अल्काराझ जिंकलेला. 4-6, 6-7, 6-4, 7-6, 7-6. 5 तास 29 मिनिटं, फ्रेंच ओपनची आजवरची सर्वांत लांब फायनल.
मला थेट 1999 आठवलं. महिलांची फायनल, ग्राफ-हिंगिस. हिंगिस एक सेट आणि 2-0 ने वर, बॉलची खूण बघायला नेटच्या पलीकडे गेली, तिचा पॉइंट कापला आणि सगळं स्टेडियम तिच्यावर उलटलं. नेमकी तेव्हाच केबल गेली. बाबा ग्राफचे भक्त, रात्री नीट जेवलेही नाहीत. सकाळी पेपरात 4-6, 7-5, 6-2, ग्राफ! तो अंक त्यांनी कपाटात जपून ठेवला. बाबा आता नाहीत, अंक आहे.
आपल्याकडे पहिला पाऊस आणि पॅरिसची फायनल बरोबरच येतात. तुम्हाला कुठला निकाल कसा कळला?

म्हापशेकरीण :
2009, फ्रेंच ओपनमध्ये नदाल सोडरलिंगकडून हरला तो रविवार. आभाळ भरून आलेलं, मी आणि आई अंगणात वाळत घातलेली कोकमाची सोलं आत घेत होतो. दादा आतून ओरडला, "नदाल गेला!" त्याआधी तिथे एकही मॅच न हरलेला माणूस. आईला वाटलं शेजारचं कोणी गेलं, हातातलं सूप टाकून धावली. सोलं भिजली ती भिजलीच.

बॅकहँड_डिचोली :
त्याच 1999 ला पेस-भूपतींनी डबल्स जिंकली हे कोणी लिहिलं नाही अजून! लिअँडरचे वडील वेस पेस मूळ गोव्याचे, 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमधल्या हॉकी ब्राँझच्या टीममधले. त्या दिवसांत सगळे क्रिकेट वर्ल्ड कपमध्ये बुडालेले, वर कारगिलच्या बातम्या. मी रेडिओवर ऐकलं आणि सायकल काढून मित्राला सांगायला गेलो. आजही अंगावर काटा येतो.

मडगावची_आजी :
म्हापशेकरीणबाय, यंदा सोलं मिळाली का चांगली? आमच्याकडे मे महिन्यातच पाऊस लागला, वाळलीच नाहीत.

म्हापशेकरीण :
थोडी मिळाली आजी. अजून दमट आहेत, मीठ लावून ठेवलीयेत.

पेडणेकर_सर :
मुलांना शिकवतो म्हणून लिहितो. पॅरिसच्या कोर्टवरची लाल माती म्हणजे विटांची भुकटी, जेमतेम काही मिलिमीटरचा थर, खाली चुनखडी. बॉल मंदावतो, उंच उडतो, खूण उमटते. म्हणून रॅली, म्हणजे एका पॉइंटसाठीची बॉलची टोलवाटोलवी, लांबतात आणि सामना हातातून निसटतो. 2004 च्या फायनलला अर्जेंटिनाचा गिलेर्मो कोरिया दोन सेट पुढे, पाचव्यात दोन मॅच पॉइंट, तरी गाउदिओ 8-6 ने जिंकला. कोरियाच्या पायात गोळे आलेले, ते बघवत नव्हतं. काल सिनरला बघून तसंच पोटात तुटलं. तीन पॉइंट गेल्यावरही हा मुलगा पाचव्या सेटच्या टायब्रेकपर्यंत (6-6 झाल्यावरचा निर्णायक गेम) उभा राहिला. माझ्या मुलांना मी आज तेच सांगणार.

फोंडेकर :
सर, अगदी. बाबा असते तर तेही सिनरसाठी हळहळले असते.

शिवोली_आई :
घाईत लिहिते, कुकर लावलाय. शनिवारी महिलांच्या फायनलमध्ये गॉफने पहिला सेट टायब्रेकमध्ये घालवून सबालेंकाला हरवलं, 6-7, 6-2, 6-4. लेक माझ्या मांडीवर बसून शेवटपर्यंत बघत होती. आज सकाळपासून रॅकेट मागते आहे. पेडणेकर सर, सात वर्षांच्या मुलीला किती इंचांची घ्यायची?

पेडणेकर_सर :
23 इंची बघा. उंच असेल तर 25. हलकी घ्या, आणि सुरुवातीला लाल रंगाचे मऊ बॉल. पावसात हॉलमध्ये भिंतीवर मारू दे.