मदत हवी आहे: रक्त पातळ ठेवण्याची गोळी आणि रोजचे मायक्रोग्रीन्स

नमस्कार मंडळी,

आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. बाबा ७१ वर्षांचे. सहा वर्षांपूर्वी हृदयात धातूची झडप बसवली, तेव्हापासून असेनोकुमॅरॉलची गोळी चालू आहे. दर महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा, तपासतो.

दिवाळीनंतर मी गॅलरीत मायक्रोग्रीन्स (भाज्यांची कोवळी रोपं) लावायला लागले. मोहरी आणि राजगिरा सियागंज बाजारातून किराण्याचाच आणला, कारण पेरणीच्या बियाण्याला बरेचदा औषध लावलेलं असतं. कापणी बाबांनी आपणहून अंगावर घेतली. सकाळी खुर्ची ओढून ट्रेपाशी बसतात, लालचुटूक देठांचा राजगिरा डाव्या चिमटीत धरून मुळांच्या वर हलकेच कात्री चालवतात. पोह्यांवर कोथिंबिरीऐवजी तोच, वरून जिरावण (आमचा इंदुरी मसाला). मोहरीची हृदयाच्या आकाराची पानं तर नुसतीच खातात. एरवी दोन घासांत ताट सारणारा माणूस पुन्हा पोहे मागतो, याचं मला फार अप्रूप.

२०१२ साली अमेरिकेत २५ प्रकारचे मायक्रोग्रीन्स तपासले होते, ते मी आधी वाचलं होतं. लाल कोबीच्या कोवळ्या रोपांत १०० ग्रॅमला १४७ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, म्हणजे मोठ्या कोबीच्या दुपटीहून जास्त. तेवढं वाचून मी खूश झाले. त्याच तक्त्यात के जीवनसत्त्वाचा रकाना होता आणि त्यात सर्वांत वर लाल राजगिरा, ग्रॅमला सुमारे ४ मायक्रोग्रॅम. तिकडे माझं लक्षच गेलं नाही.

या महिन्यात आयएनआर २.९ वरून १.९ वर आला. गोळी चुकलेली नाही, डबी मीच भरते. डॉक्टरांनी फोनवर डोस वाढवला. काल रात्री माझ्या डोक्यात प्रकाश पडला: रक्त गोठायला लागणारे घटक यकृत 'के'च्या जोरावर बनवतं आणि ही गोळी नेमकी तिथेच आड येते. हिरवं वाढलं, गोळी कमी पडली.

उद्या डॉक्टरांशी बोलणारच आहे. पण आज रात्र काढायची आहे. उद्या सकाळचं हिरवं बंद करू का? की डोस वाढल्यावर बंद करणं जास्त वाईट? घरात असं कुणी असेल तर तुम्ही कसं जमवता, कृपया सांगा.

प्रतिसाद (वडोदरा): ताई, माझी आई वॉर्फरिनवर (तशाच रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीवर) आहे. मनाने एकदम बंद करू नका. वाढलेला डोस आणि 'के' अचानक कमी, असं झालं तर आयएनआर उलटा चढतो आणि रक्तस्राव होऊ शकतो. डॉक्टरांना आधी सगळं सांगा. हिरड्यांतून रक्त आलं किंवा शौचाला काळं झालं तर थांबू नका, थेट दवाखाना गाठा. आमच्याकडे नियम एकच: हिरवं रोज सारखं, वजन करून. मटाराच्या कोंबांत 'के' राजगिऱ्यापेक्षा थोडं कमी, आम्ही तेच लावतो.

धागाकर्ती: मनापासून आभार. सकाळीच डॉक्टरांशी बोलले. डोस पुन्हा पूर्वीचा केला, राजगिरा थांबवला, मोहरी रोज १० ग्रॅम, आणि पाच दिवसांनी पुन्हा तपासणी. बाबांनी मटार भिजत घातलेत. आमच्या काट्यावर १० ग्रॅम नीट दिसत नाही, तर कापलेली मोहरी साधारण किती चिमटी होते, कुणी मोजलं आहे का?