निळी ऑडोग्राफ तबकडी: सुई बाहेर घसरते आणि आवाज पातळ होत जातो

खर्ज_षड्ज: ग्रे ऑडोग्राफ आणि साऊंडस्क्राइबर या जुन्या श्रुतलेखन-यंत्रांच्या (बोललेलं नोंदवणाऱ्या) तबकड्या संगणकावर उतरवून घ्यायच्या आहेत: ऑडोग्राफच्या चार निळ्या, पातळ आणि साऊंडस्क्राइबरच्या दोन हिरव्या. सगळ्या अमेरिकेतल्या कार्यालयातल्या श्रुतलेखनाच्या. टर्नटेबल मॅन्युअल, डायरेक्ट ड्राइव्ह. कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई. निळी लावून एलपीसारखी सुई कडेला ठेवली की ती बाहेरच घसरते. मधे कुठेतरी ठेवली तर बोलणं ऐकू येतं, पण तोच चर पुन्हा पुन्हा वाजतो, आणि कडेकडे जाताना माणसाचा आवाज चढत जाऊन चिरका होतो. हिरवी ३३⅓ फेऱ्यांवर नीट चालते, फक्त आवाज घुमट्यातून आल्यासारखा. सुई, वेग, सॉफ्टवेअर, कुठून सुरुवात करू?

चरसुई: आधी सुई बदला, मग बाकीचं. या तबकड्यांत चर कापलेला नसतो, मऊ प्लास्टिकमध्ये दाबून उमटवलेला असतो. तो उथळ आणि गोलसर असतो. व्हीएम९५ईची लंबवर्तुळाकार सुई त्यात रुतते आणि पृष्ठभाग खरवडते. त्याच कार्ट्रिजवर व्हीएम९५सी ची शंकूच्या टोकाची सुई सरळ बसते; वजन २ ग्रॅमच्या आसपास ठेवा. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांची ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई अजिबात लावू नका. साऊंडस्क्राइबरवर इंचाला २०० चर असतात, म्हणजे दोन चरांमधलं अंतर ०.१२७ मिमी आणि त्या सुईच्या टोकाची नुसती त्रिज्याच जवळपास ०.०७६ मिमी, म्हणजे रुंदी ०.१५ मिमी. ती चरात बसतच नाही, काठांवरून तरंगते.

ऑडोग्राफ आतून बाहेर नोंदवतं, म्हणून सुई कडेवरून पडते. ती मध्याजवळच्या पहिल्या चरावर ठेवा. अँटीस्केट (हाताला बाहेरच्या बाजूला हलकं ओढणारी सोय) शून्य करा.

मंद्रसप्तक: सुईबद्दल सहमत, अँटीस्केटबद्दल नाही. थाळी घड्याळाच्याच दिशेने फिरतेय, म्हणजे घर्षण हाताला आतच ओढणार, चर बाहेर जात असला तरी. शून्य केलं की सुई आतल्या चरावर परत उडी मारते. तुमचा तोच चर पुन्हा वाजतो, त्याचं एक कारण बहुधा हेच आहे. नेहमीइतकं ठेवा, उडी थांबेपर्यंत थोडं वाढवा. हातावर जास्त वजन टाकून मात्र उडी थांबवू नका, मऊ चर कायमचा मोडतो.

दुसरं कारण म्हणजे तबकडी सपाट नाही. खाली २–३ मिमीची ॲक्रिलिक चकती किंवा नको असलेली एलपी घ्या आणि कडा तीन-चार ठिकाणी कमी चिकटणाऱ्या टेपने लावा, चरांना टेप लागू न देता. भोक खुंटीला जुळत नसेल तर हात डावी-उजवीकडे झुलताना दिसेल; तो झुला जाईपर्यंत तबकडी हलवत मध्य साधा, नाहीतर आवाज लाटेसारखा वरखाली होतो. गरम करून सपाट करू नका. धुण्यासाठी डिस्टिल्ड पाण्यात सौम्य डिटर्जंटचा एक थेंब आणि मऊ कापड पुरतं. स्पिरिट टाळा.

ताना_बाना: आवाज चढण्याबद्दल. ऑडोग्राफमध्ये तबकडीच्या पृष्ठभागाला टेकलेलं चाक तिला फिरवतं, त्यामुळे बाहेर जाताना तबकडीचे फेरे मंदावतात आणि सुईखालून चर साधारण एकाच वेगाने सरकतो. तुमची थाळी मात्र सारखे ३३⅓ फेरे घेते. त्रिज्या जितकी वाढते, तितकाच सूर वाढतो. नोंद ४ सेंमीपासून ७.५ सेंमीपर्यंत असेल तर शेवटी जवळजवळ ११ अर्धस्वर वर.

ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइम ट्रॅक (वेग हळूहळू बदलणारी पट्टी) घ्या. त्याची वेगाची मर्यादा मुळात ९० ते ११० टक्के असते, ती ४० ते १२० करा. ४ सेंमीवर वेग बरोबर धरला तर सुरुवातीला १००, मध्यावर ७०, शेवटी ५३ टक्के. सरळ रेष ओढू नका: मध्यावर ती ७७ देते आणि मधला भाग चढाच राहतो. पाच-सहा बिंदू द्या. पक्कं मोजमाप हवं असेल तर बोलण्यामागची विजेची गुणगुण पकडा. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, तेव्हा स्पेक्ट्रममधली ती रेष ६० किंवा १२० वर आणा.

मंद्रसप्तक: त्याआधी एक गोष्ट. टर्नटेबलचं बटण 'लाइन'वर ठेवलं असेल तर त्यातला प्रीॲम्प (आवाज वाढवणारा भाग) आरआयएए वळण, म्हणजे एलपींसाठी ठरलेला सूर-समतोल, लावतो: खर्ज वाढतो, वरचे सूर कापले जातात. हिरवीचा घुमटा तिथूनच आला असावा. ते वळण १९५४चं. वेग बदलल्यावर ते चुकीच्या जागी सरकतं, म्हणून क्रम असा: ऑडॅसिटीच्या फिल्टर कर्व्हमध्ये आरआयएए निवडून इन्व्हर्ट (उलटं) करा, मग वेग, मग कानाने ऐकत बोलण्याचा ३०० ते ३००० हर्ट्झचा पट्टा साफ करा.

नोंद स्टिरिओतच घ्या, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ. नंतर दोन्ही बाजूंची बेरीज आणि वजाबाकी ऐकून पाहा. चर आडवा हलत असेल तर बेरजेत आवाज स्वच्छ येतो, उभा असेल तर वजाबाकीत.

चरसुई: अँटीस्केटबद्दल तुमचं बरोबर, मी चुकलो. एकच भर: पहिल्या वाजवणीलाच रेकॉर्डिंग सुरू ठेवा. हा चर प्रत्येक फेरीला थोडा झिजतो.

खर्ज_षड्ज: व्हीएम९५सी मागवली. ती येईपर्यंत एकही तबकडी लावत नाही.