प्रतिसाद: सारखं वागवलं म्हणजे झालं का?
ताई, तुम्ही लिहिलंय की शाळेत सगळ्या लेकरांना सारखंच वागवलं की भेदभाव आपोआप संपतो. मला नाही पटत. आमच्या बीडकडं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, कोल्हापूर-सांगली, पार कर्नाटकापर्यंत, अन् आईबापासोबत गेलेली लेकरं थेट मार्च-एप्रिलला परत येतात, मग त्यांच्या हातात बाकीच्यांसारखाच पेपर ठेवला तर ही कसली समानता? हंगामी वसतिगृहं आहेत, चांगली सोय आहे, पण पोरगी मोठी व्हायला लागली की आईबाप तिला मागं ठेवायला भितात, हे कुणी समजून घेतंय का.

ओळखीच्या एक मॅडम अशा लेकरांना फळ्यावर गणित घालतात, उचल, म्हणजे मुकादमाकडनं आगाऊ पैसे, एवढी घेतली, टनाला भाव एवढा, रोज एवढा ऊस तोडला तर किती दिवसांत फिटेल. एरवी तोंड न उघडणारं पोरगं उठून म्हणतं, मॅडम खाडे धरायचे राहिले! अन् सगळा वर्ग त्याच्याकडं बघतो.

घरचं पण बोलायलाच पाहिजे. २००९ च्या आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानं विनाअनुदानित खाजगी शाळांत गरीब अन् वंचित घरांतल्या लेकरांसाठी २५ टक्के जागा ठेवल्या, लेकरं एका बाकावर आली, पण तांड्यावरच्या पोराला वाढदिवसाला बोलवायचं नाही हे त्यांना घरातच कळतं, जेवताना आपण जे बोलतो त्यातनं. पालकसभेत मार्कांच्या आधी हा विषय घ्या, अन् सभा संध्याकाळी ठेवा, मजुरीवरच्या आईबापाला दुपारी यायला जमत नाही.